ऐकू येत असेल तर

सुरगाण्याकडचे एक म्हातारे बाबा पोटाच्या ऑपरेशनसाठी टेबलावर आडवे झाले होते. मी त्यांच्या हाताला सलाईनची सुई लावत होते. त्यांनी मान वळवून मला विचारलं, "बाई, मी निजल्यावर माझा जीव कुठं ठेवशील?"

"माझ्याजवळ ठेवीन, बाबा."

त्यांनी माझ्या हातांकडे नीट निरखून पाहिलं. "हात तर लय बारीक हायेत तुझे," असं म्हणून माझी कीव आल्यासारखे त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी भूलतज्ज्ञ होते. 'होते' म्हणायची अजून सवय झालेली नाही. भूल देणारी डॉक्टर म्हणजे कोण, हे लोकांना नीट माहीत नसतं. दवाखान्याच्या पाटीवर सर्जनचं नाव असतं. पेशंट बरा झाला की पेढे सर्जनकडे जातात, आणि ते रास्तच आहे. आमचं काम चोख झालं की पेशंटला आम्ही आठवतच नाही. ज्याला मी आठवते, त्याच्या बाबतीत काहीतरी चुकलं असं समजायचं. या धंद्यातला मान हा असा उलटा आहे. तो पचवायला सुरुवातीची काही वर्षं लागतात, आणि मग त्यातच गोडी वाटू लागते.

नाशिकमध्ये आमच्यापैकी बरेचजण एका दवाखान्याला बांधलेले नसतात. सकाळी गंगापूर रोडला एक ऑपरेशन, दुपारी पंचवटीत दुसरं, संध्याकाळी नाशिकरोडला तिसरं. गाडीच्या डिकीत आपली बॅग, बॅगेत आपली हत्यारं, आणि माझ्या बाबतीत वर एखादं पुस्तक. सर्जन उशिरा येणार हे ठरलेलं असायचं. माझं निम्मं वाचन ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर झालेलं आहे.

पेशंटशी आमची ओळख ऑपरेशनच्या आधीची. ती थोडा वेळच असते, पण त्या वेळात माणसं खरं बोलतात. सायखेड्याचे एक द्राक्षवाले म्हणाले होते, "मॅडम, माझी झोप लय हलकी हाय. बांधावर कुत्रं भुंकलं तरी उठून बसतो मी. जरा जास्तीचं द्या." विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्यांना मी विचारलं, "दारू घेता का?" हा प्रश्न आम्हाला विचारावाच लागतो, कारण रोज पिणाऱ्याला भुलेची औषधं जास्त लागतात. शेजारी बायको उभी होती. व्यापारी म्हणाले, "शिवतसुद्धा नाही." बायको पाणी आणायला बाहेर गेली तसे ते कुजबुजले, "मॅडम, रोजची समजा. पण कागदावर नका लिहू. ती वाचते." मी त्यांना रोजच्या पिणाऱ्याचा हिशेब लावून भूल दिली. ते छान झोपले आणि उठल्यावर बायकोसमोर मला ओळखही दाखवली नाही.

या सगळ्यांच्या मनात एकच भीती असते. मी उठेन ना, ही. तिला उत्तर देणं सोपं आहे. दुसरी भीती फार थोड्यांच्या मनात येते. मध्येच जाग आली तर? द्राक्षवाल्यांनी ती हसत हसत विचारली होती. ज्यांच्यामुळे मी आज लिहायला बसले आहे, त्या सुमनताईंनी ती विचारली नाही. त्यांना तिचं उत्तर माहीत होतं.

त्यांच्याविषयी सांगण्याआधी आमचं काम जरा सांगायला हवं. लोकांना वाटतं, एक इंजेक्शन दिलं की माणूस झोपतो आणि काम झालं की उठतो. तसं नसतं. मोठ्या ऑपरेशनमध्ये आम्ही तीन वेगळ्या गोष्टी करत असतो. एका औषधाने झोप येते. दुसऱ्याने वेदना थांबते. तिसऱ्याने अंगातले स्नायू सैल पडतात. पोट घट्ट आवळलेलं असेल तर सर्जनला आत काम करता येत नाही, म्हणून हे तिसरं औषध. ते दिलं की पेशंटला बोटही हलवता येत नाही, स्वतःचा श्वासही घेता येत नाही. श्वास यंत्राने द्यावा लागतो. झोप मात्र एकदा देऊन ठेवता येत नाही. ती सतत सांभाळावी लागते. मंद आचेवर दूध ठेवलं की पातेल्यापासून हलता येत नाही, तसं. आच कमी पडली तर एक अडचण, जास्त झाली तर दुसरी.

एखाद्या वेळी झोपेची आच कमी करावीच लागते. पेशंटच्या अंगातलं रक्त वाहून गेलेलं असतं, नाडी हाताला लागत नाही, अशा माणसाला पुरेशी झोप दिली तर तो त्या झोपेतून उठणारच नाही. मग आम्ही झोप पातळ ठेवतो. जीव आधी. आणि फार क्वचित असं होतं, की झोप इतकी पातळ होते की माणूस जागा होतो, पण स्नायू सैल केलेले असल्यामुळे त्याला ते कुणाला सांगता येत नाही. डोळ्यांवर चिकटपट्टी लावलेली असते, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून. घशात नळी असते. आम्ही नाडी बघतो, रक्तदाब बघतो, घाम बघतो. पट्टीच्या कडेने पाणी येतंय का, तेही बघतो. पण ज्याचं रक्तच वाहून गेलंय त्याची नाडी तशीही धावत असते. तिच्यावरून काही कळत नाही.

असं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. पण आमच्या कामाची रीत अशी, की ऑपरेशन संपलं, पेशंटने डोळे उघडले, नाव सांगितलं, की आम्ही बॅग उचलून पुढच्या दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी राउंडला सर्जन येतात. ते टाके बघतात. "झोप कशी होती?" असं कोण विचारणार?

सुमनताई मला भेटल्या त्या नाशिकरोडच्या एका छोट्या दवाखान्यात. वय पन्नाशीच्या आसपास. एका शाळेच्या कार्यालयात काम करायच्या. छातीत गाठ होती. ती त्यांनी बरेच महिने कुणाला दाखवलीच नव्हती. पती उत्तमराव बरोबर होते. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, उंच, अबोल गृहस्थ. मी खोलीत गेले तेव्हा ताई कॉटवर न झोपता खुर्चीत ताठ बसल्या होत्या. माझं आडनाव ऐकून त्यांनी "जय भीम, मॅडम" म्हटलं. मीही त्यांच्यासारख्याच वसाहतीत वाढलेली. तेवढ्यानेही कधीकधी वाट मोकळी होते.

"भूल नको," त्या म्हणाल्या. "नुसती सुई टोचून जागा बधिर करा. मी सोसीन."

"एवढं मोठं ऑपरेशन तसं नाही होत, ताई. याआधी कधी भूल दिली होती का?"

"दिली होती."

"तेव्हा काही त्रास झाला?"

हा प्रश्न मी आयुष्यभर विचारत आले. उत्तर बहुतेक वेळा 'उलट्या झाल्या' असं येतं. ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. उत्तमराव घाईने म्हणाले, "फार जुनं आहे, मॅडम. तरुण होतो आम्ही. तिच्या माहेरी गेलो होतो, तिथं अचानक झालं. गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटली. खूप रक्त गेलं. त्या डॉक्टरांनी वाचवली हिला. त्याच्यानंतर तिला जरा... स्वप्नं पडतात."

"स्वप्नं नाहीत," ताई म्हणाल्या.

"तिला तसं वाटतं."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "काय झालं होतं?"

त्या खालच्या आवाजात, शाळेतली सूचना वाचून दाखवावी तशा सपाट बोलल्या. त्यांना जाग आली होती. आधी आवाज आले. मग पोटात कुणीतरी हात घालून ओढतंय असं वाटलं, आणि मग नुसतं वाटणं राहिलं नाही. ओरडायला गेल्या तर घसाच नव्हता. बोट हलवायला गेल्या तर हातच नव्हता. त्यांना वाटलं, आपण मेलो आहोत आणि हे कुणाला कळलेलं नाही. डॉक्टर बोलत होते. त्यांचं घर बांधायचं चाललेलं होतं. फरशी पांढरी बसवावी की पिवळसर, यावर ते सिस्टरचं मत विचारत होते.

"मग मी मनात वंदना म्हणायला लागले," ताई म्हणाल्या. "त्रिसरण. दुसरं काय म्हणणार? पहिली ओळ झाली की दुसरीला कळ यायची आणि सगळं तुटायचं. परत पहिल्यापासून. परत तुटायचं. तिसऱ्या ओळीला मी पोचलेच नाही."

नंतर त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, औषधाने भास होतात. आईने सांगितलं, कुणाला बोलू नकोस. हळूहळू त्या हे कुणाशी बोलायच्या बंद झाल्या.

मी म्हटलं, "ताई, असं होतं."

"होतं?"

"क्वचित होतं. पण होतं. तुम्हाला भास झालेला नाही. तुमचं रक्त इतकं गेलं होतं की जास्त झोप दिली असती तर तुम्ही वाचला नसता. म्हणून झोप पातळ ठेवली असणार. तुम्ही जाग्या होतात."

त्या नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत?"

उत्तमराव खिडकीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "फरशीचं खरं आहे, मॅडम. डॉक्टर बाहेर आले आणि फोनवर घरी तेच बोलत होते. पांढरीच घेऊ म्हणाले. मी बाकावर होतो. मी ऐकलं."

ताई म्हणाल्या, "आणि तुम्ही मला इतकी वर्षं स्वप्न म्हणत होतात?"

"मी हो म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, खरंच झालं. नाही बोललो तर विसरशील असं वाटलं."

"विसरले का?"

उत्तमरावांनी नकारार्थी मान हलवली. हे नवरा-बायकोतलं होतं. मी तिथून उठायला हवं होतं, पण ताईंनी माझा हात धरून ठेवला होता.

त्या ऑपरेशननंतर ताई पाठीवर झोपल्या नव्हत्या. उशा लावून बसूनच झोपायच्या. अंगावरचं पांघरूण हनुवटीच्या वर येऊ द्यायच्या नाहीत. शाळेत बक्षिसं बांधताना कुणी चिकटपट्टीचं रीळ टर्रकन ओढलं की उठून बाहेर जायच्या. डोळ्यांवरची पट्टी काढतानाचा तो आवाज. पण सगळ्यात मोठं जे गेलं ते वेगळंच होतं. त्याआधी वसाहतीतल्या बुद्धविहारात रविवारी मुलांना वंदना शिकवायच्या त्या सुमनताई. आवाज गोड होता म्हणत. त्यानंतर वंदना सुरू झाली की दुसऱ्या ओळीला त्यांचा श्वास अडायचा, हातांना मुंग्या यायच्या, पोटात तीच ओढ लागायची. काही दिवस ओठ मिटून बसून पाहिलं. ऐकूनही तेच व्हायचं. मग विहारात जाणं सोडलं. लग्न असो, नामकरण असो, मयत असो, आमच्याकडे सुरुवात वंदनेनेच होते. त्यामुळे सगळीकडे जाणंच सुटलं. गेल्या तर वंदना संपल्यावर पोचायच्या.

वसाहतीने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. बाई कुठल्याशा सत्संगाला जायला लागली. बाईने धर्म सोडला. "शेजारची कांता साखर मागायला आली," ताईंनी मला पुढे एकदा हसत सांगितलं होतं. "वाटी माझ्या हातात आणि डोळे सगळे भिंतीवर. बुद्धाची, बाबासाहेबांची तसबीर जागेवर आहे का बघायला आली होती. मी म्हटलं, कांता, आतल्या खोलीतली भिंत पण बघून घे, साखर तिकडंच आहे."

"मग खरं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? वंदना ऐकली की मला त्रास होतो? हे वाक्य आपल्यात कुणाला सांगून बघा तुम्ही."

मला बघायची गरज नव्हती.

छातीच्या ऑपरेशनला स्नायू सैल करण्याची गरज पडत नाही. मी ताईंना तेवढंच वचन दिलं. "ते औषध या वेळी मी देणारच नाही. घशात मऊ नळी बसवीन, श्वास तुमचा तुम्ही घ्याल. हातपाय तुमचेच राहतील. जाग आलीच, तर तुम्ही हलाल आणि मला दिसेल. डोळ्यांना पट्टी लावणार नाही, मलम घालीन. आणि मी हलणार नाही." झोपेची खोली मोजणारं एक यंत्र असतं, ते त्या दवाखान्यात नव्हतं. मी ते मोठ्या इस्पितळातल्या एका सहकाऱ्याकडून मागून आणलं. सर्जन सज्जन होते, पण यंत्र बघून म्हणाले, "मॅडम, आज बारशाची तयारी केल्यासारखी केलीत." मी म्हटलं, "आज गप्पा बंद, सर. घराच्या, गाडीच्या, कुठल्याच नाहीत." ते चमकले, पण गप्प राहून त्यांनी काम केलं. त्यांच्याइतकं बोलणाऱ्या माणसाला ते सोपं नव्हतं.

ताई झोपल्या. मी स्टुलावर त्यांच्या डोक्याशी बसून राहिले. कुठेही एक बोट हललं नाही. शेवटी नळी काढली, त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "सुरू कधी करणार?"

"झालं, ताई."

"नाही."

"झालं. पट्टी बघा."

त्यांनी डाव्या हाताने चाचपून पाहिलं आणि रडायला लागल्या. मी आयुष्यभर हजारो माणसांना झोपवलं आणि उठवलं. अभिमान वाटावा अशी जागा मला विचाराल तर ती एवढीच.

पण गाठ तोवर काखेत पसरलेली होती. पुढे हाडांत गेली. ती वेळेवर दाखवली असती तर, असं म्हणायचा मोह होतो. पहिल्या जागेपणाने त्यांना दवाखान्यापासून दूर ठेवलं, आणि दूर राहिल्यामुळे दुसरा आजार वाढला. माझ्या हिशेबी तो एकच आजार होता. त्याला वेळ फार लागला, एवढंच.

औषधोपचारांची दोन-अडीच वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिले. सुरुवातीला डॉक्टर म्हणून, मग नुसतीच. त्यांनी मला 'मॅडम' म्हणणं सोडलं आणि 'अगं' म्हणायला लागल्या. मी त्यांना एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी ताईंकडून त्या पहिल्या ऑपरेशनचं सगळं पुन्हा पुन्हा बोलून घेतलं, घाई न करता. त्याचा उपयोग झाला. ताई पाठीवर झोपू लागल्या. चिकटपट्टीचा आवाज सोसू लागल्या. एकदा त्यांनी स्वतः रीळ ओढून दाखवलं आणि शाळकरी मुलीसारख्या माझ्याकडे बघून हसल्या. उत्तमराव ताईंपुढे बसून तेव्हा काय ऐकलं, काय पाहिलं, हे सांगायला शिकले. वंदना मात्र परत आली नाही. त्या बाई म्हणाल्या, येईल, वेळ द्या. वेळ आमच्याकडे नव्हता.

शेवटच्या महिन्यांत, एका सकाळी, मी त्यांच्या पायांना तेल लावत असताना त्यांनी विचारलं, "शेवटी माणसाला ऐकू येतं म्हणतात. खरं का गं?"

मी खरं तेच सांगितलं. "ऐकणं बहुधा सगळ्यात शेवटी जातं. नक्की कुणालाच माहीत नाही."

"म्हणजे मी हलत नसेन, बोलत नसेन, आणि मला ऐकू येत असेल."

"असू शकेल."

"आणि सगळे येतील. उशाशी बसतील." आमच्या वसाहतींत माणूस जायला लागला की शेजारीपाजारी जमतात, मेणबत्ती लावतात आणि त्याच्याजवळ बसून वंदना म्हणतात. जाणाऱ्याला तेवढीच सोबत. माझ्या आईलाही तसाच निरोप दिला. "मला ऐकू येत असेल तर मी परत तिथंच जाईन. त्या टेबलावर. मला मरायची भीती नाही गं. मला तिथं मरायचं नाही."

"मी सांगीन सगळ्यांना."

"तू डॉक्टर. तुझं ते तोंडावर ऐकतील आणि मागे मला नावं ठेवतील. जन्मभर वंदना टाळली आणि मरतानाही नको म्हणाली, म्हणतील. यांना सांगू दे." त्यांनी स्वयंपाकघराकडे मान केली. तिथे उत्तमराव चहा करत होते. भांड्यांचा आवाज थांबला होता. त्यांनी ऐकलं होतं.

त्यांचा शेवटचा दिवस या वर्षीच्या थंडीतला. सकाळपासून शुद्ध नव्हती. वेदनेसाठी मॉर्फिन चालू होतं, श्वास मध्येच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. दुपारी बातमी पसरली आणि अंगणात माणसं जमली. पांढऱ्या साड्या नेसून बायका आल्या. पुढे कांताबाई, हातात मेणबत्तीचा पुडा. सुमनताईंच्याच वयाच्या, बोलायला तिखट.

उत्तमराव दारात उभे राहिले. "आत या, बसा. पण वंदना इथं म्हणायची नाही."

"असं कसं, उत्तमभाऊ?" कांताबाई म्हणाल्या. "आपल्या माणसाला असं मुक्यानं पाठवायचं का?"

"म्हणजे लोक बोलत होते ते खरंच की काय," मागून कुणीतरी म्हणालं.

उत्तमराव भिंतीला हात टेकून उभे होते. ज्या माणसाच्या तोंडून मी एका वेळी चार वाक्यं ऐकली नव्हती, तो बोलायला लागला. "लोक बोलत होते ते खोटं आहे. हिचं मागं ऑपरेशन झालं ना, तेव्हा ती जागी होती. पोट फाडलेलं आणि जागी. हलता येत नव्हतं. तेव्हा ती मनात वंदनाच म्हणत होती. कळेने म्हणू देईना. तेव्हापासून वंदना ऐकली की तिला ती कळ येते. ती मला सांगत होती. मला ठाऊक होतं ते खरं आहे, आणि मी तिला म्हणायचो, स्वप्न पडलं तुला." त्यांनी आत कॉटकडे पाहिलं. "आता ती हलत नाही. पण तिला ऐकू येत असेल. तुम्ही म्हणायला लागलात तर ती तिथं जाईल. मी जाऊ देणार नाही. विहारात जाऊन म्हणा, पाहिजे तेवढं म्हणा. इथं नाही."

कांताबाईंनी मेणबत्तीचा पुडा शेजारणीच्या हातात दिला. चपला काढल्या. आत येऊन कॉटजवळ बसल्या आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "नुसतं बोललेलं चालंल ना?"

"चालेल."

"काय बोलू?"

"रोज बोलता ते."

त्यांनी पदराने डोळे पुसले. "सुमन, मी कांता. आज नळाला पाणी लवकर आलं बघ. तुमचा पण पिंप भरून ठेवलाय. कोपऱ्यावरच्या मावशीला नात झाली. नाक अगदी आजीसारखं, बिचारीचं." मग आणखी खाली वाकून, "ती साखर. माझ्या घरात होती गं साखर."

दुपारभर बायका एकेक करून आत येत राहिल्या आणि बोलत राहिल्या. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलेलं, कुणाच्या दारात मोगरा लावलेला. लहानपणी ताईंकडे विहारात शिकलेली, वसाहतीतच लग्न होऊन राहिलेली एक सून आली. ती म्हणाली, "बाई, मी तुमच्यामुळे सगळ्यांसमोर बोलायला शिकले," आणि पुढे तिला बोलता येईना. ताईंना ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. त्यांचा चेहरा शांत होता, पण शांत चेहऱ्याचं काय खरं असतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ऊन उतरायला लागलं तेव्हा श्वास थांबला, तो पुन्हा सुरू झाला नाही. उत्तमराव त्यांच्या पायांशी बसले होते. जरा वेळाने त्यांनी मान वर केली. "अंगणात सगळे थांबलेत. आता म्हणू देऊ का त्यांना?"

"थांबा," मी म्हटलं.

मी नाडी पाहिली. मनगटाची, मग मानेची. स्टेथोस्कोप छातीवर, जिथे व्रण होता त्याच्या बाजूला, ठेवून ऐकत राहिले. पापण्या उघडून बॅटरीचा उजेड टाकला. पुन्हा ऐकलं. शास्त्राला जेवढा वेळ पुरतो तो केव्हाच संपला होता. उत्तमरावांना माहीत होतं मी काय करते आहे. मी परत एकदा पहिल्यापासून सगळं पाहिलं, नाडी, छाती, डोळे, आणि मग स्टेथोस्कोप छातीवर ठेवून नुसतीच बसून राहिले.

मग कानातून नळ्या काढल्या, उठून दारात गेले आणि अंगणातल्या बायकांना म्हटलं, "म्हणा आता."